बॅटरी बदलूनही दोन सिलिंडरची बाइक उन्हाळ्यात बंद पडते: आमच्याकडे दोष कुठे सापडला

आधी लक्षणं सांगतो. तुमची गाडी असंच करत असेल तर पुढचं उपयोगी पडेल.

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. चोपड्याहून निघालं की अडावद, धानोऱ्यापर्यंत काहीच तक्रार नसते. विदगावच्या तापी पुलाच्या अलीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे दहा मिनिटं रखडलं की रेडिएटरचा पंखा लागतो आणि मग थांबायचं नाव घेत नाही. जळगावात शिरेपर्यंत हेडलाइट पिवळट पडलेला असतो. अजिंठा चौफुलीला चहासाठी थांबून परत सेल्फ मारला की ‘टक’ असा एकच आवाज येतो, आरपीएमचा काटा थरथरतो आणि डिस्प्लेवरचं घड्याळ पुसलं जाऊन पहिल्यापासून सुरू होतं. तासभर सावलीत उभी केली तर कधी सुरू होते, कधी नाही. मेकॅनिककडे दुसऱ्या दिवशी सकाळी नेली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागते, मीटरवर सगळं बरोबर दिसतं आणि तो म्हणतो, “बॅटरी टाका नवीन.”

मी दोन टाकल्या. एक मे २०२४ मध्ये, दुसरी एप्रिल २०२५ मध्ये. प्रत्येकी साडेतीन हजारांच्या घरात. दोन्हींत दोष नव्हता.

गाडी तीनशे सीसीची पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडर) आहे. पाण्याने थंड होणारी, फ्युएल इंजेक्शनची, पूर्ण फेअरिंगची, म्हणजे इंजिनभोवती प्लास्टिकचं आवरण असलेली. २०१५ चं मॉडेल, २०२३ च्या दिवाळीनंतर पुण्याहून घेतलं तेव्हा २१ हजार किलोमीटर झालेले होते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा दोष एका कंपनीचा नाही. ज्या गाडीत कायम चुंबकाचा अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर वीज तयार करणारा), फेअरिंगच्या आत कोंडलेला रेक्टिफायर (ती वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा) आणि दहा वर्षं जुने कपलर (तारा जोडणारे प्लास्टिकचे जोड) आहेत, तिथे तो येऊ शकतो. आणि आपल्याकडच्या उन्हात तो लवकर येतो.

ही गाडी मला फार प्रिय आहे. आठ हजार आरपीएमच्या पुढे दोन्ही सिलिंडर एका सुरात लागतात तेव्हा चाळीसगावहून कन्नड घाट चढताना जो आनंद मिळतो, तो मला सिंगल सिलिंडरच्या कुठल्याच गाडीवर मिळालेला नाही. म्हणूनच ती विकून टाक म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं नाही. शोध मात्र चुकीच्या टोकाकडून सुरू केला आणि त्यात एक वर्ष गेलं.

पहिला उपाय, जो अर्धाच खरा निघाला

पहिली बॅटरी बदलल्यावर दोन महिन्यांत गाडी पुन्हा अशक्त झाली, तेव्हा मी चावी बंद असताना किती करंट जातो ते मोजलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, वायर आणि बॅटरीच्या टोकामध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावायचा. आधी मोठ्या रेंजवर, मग मिलिअँपिअरवर. मीटर असा लावलेला असताना चावी चालू करायची नाही, मीटरमधला फ्यूज जातो. माझ्याकडे ३८ मिलिअँपिअर दिसले. गाडीत घड्याळ आणि ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) आठवण टिकवायला दोन-चार मिलिअँपिअर पुरतात. शोधलं तर सीटखाली आधीच्या मालकाने बसवलेला अलार्म होता, मूळ वायरिंगला चिमटे लावून जोडलेला.

हिशोब सोपा आहे. आठ अँपिअर-तासांची बॅटरी, ३८ मिलिअँपिअरची गळती. २१० तासांत, म्हणजे जेमतेम नऊ दिवसांत, बॅटरी पूर्ण रिकामी. मी आठवड्यातून एकदाच गाडी काढत होतो. ऑगस्टमध्ये अलार्म काढला, पावसाळा आणि हिवाळा छान गेला. मला वाटलं, सापडलं.

मार्च २०२५ मध्ये ऊन तापलं आणि सगळं जसंच्या तसं परत आलं. वापरलेली गाडी घेणाऱ्याने अलार्म, जीपीएस, जादा हॉर्न, फॉग लाइट यांची गळती पहिल्याच आठवड्यात मोजावी, हे खरंच. पण उभ्या गाडीची बॅटरी उतरणं आणि चालत्या गाडीची बॅटरी उतरणं हे दोन वेगळे आजार आहेत. चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून आल्यावर बॅटरी आधीपेक्षा कमी भरलेली असेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे. तिथे अलार्मचा संबंध नाही.

ट्रॅक्टरवाल्या इलेक्ट्रिशियनने जे पाहिलं

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास गाडी जळगावात बंद पडली. जवळ मोठ्या बाइकचं काम करणारं कुणी नव्हतं. ढकलत एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांचं सगळं काम ट्रॅक्टर, पिकअप आणि केळीच्या ट्रकांचं. काकांनी एक गोष्ट केली जी आधी कुणीच केली नव्हती. गाडी निवू दिली नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून, ट्रॅक्टर बंद ठेवून, गाडी सुरू केली आणि ती तापलेली असतानाच मीटर लावला.

बॅटरीच्या टोकांवर पाच हजार आरपीएमला, हेडलाइट आणि पंखा चालू असताना, १२.९ व्होल्ट. तिथे चौदाच्या वर हवे असतात. मग त्यांनी मीटरच्या सळया रेक्टिफायरमधून बाहेर येणाऱ्या तारांवर, कपलरच्या मागच्या बाजूने घुसवल्या. १४.३ व्होल्ट.

काका म्हणाले, “बॅटरी चांगली शे भाऊ. तिले खावालेच भेटत नही.”

रेक्टिफायर १४.३ व्होल्ट देत होता, बॅटरीपर्यंत १२.९ पोचत होते. मधले १.४ व्होल्ट वाटेत जिरत होते. त्यांनी वाटही लगेच शोधली. मीटरची एक सळई रेक्टिफायरच्या पॉझिटिव्हवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर: १.२ व्होल्ट. तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह: ०.२ व्होल्ट. चांगल्या वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह बाजूला हा आकडा ०.२ च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो.

डावीकडचं फेअरिंग खोललं. रेक्टिफायरचा कपलर पांढऱ्याचा तपकिरी झालेला, पॉझिटिव्ह पिनच्या भोवती प्लास्टिक वितळून काळं पडलेलं. स्टेटरच्या (अल्टरनेटरमधल्या कॉइलच्या) तीन तारांचा कपलरही पिवळा पडायला लागला होता.

सकाळी हा दोष का दिसत नव्हता, हेही तिथेच उमगलं. पिनवर गंज आणि काजळी चढली की तिचा अवरोध वाढतो. अवरोध वाढला की ती तापते, आणि तापली की पितळी पिनेतली पकड सैल होते, म्हणजे अवरोध आणखी वाढतो. थंड गाडीत पंखा चालू नसतो, करंट कमी असतो, पिनेची पकड बरी असते. मीटर १४ दाखवतो आणि मेकॅनिक बॅटरीकडे बोट दाखवतो. माझ्या गाडीत हेडलाइट, फ्युएल पंप, इग्निशन, ईसीयू आणि पंखा मिळून साधारण १४ अँपिअर जात असावेत. १.२ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर म्हणजे जवळपास १७ वॅट. टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तिच्या दोनतृतीयांश उष्णता हरभऱ्याएवढ्या पिनेत, बंद प्लास्टिकमध्ये. वितळेल नाहीतर काय.

पण मग पंखा इतका का चालत होता?

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तो खास आपल्या भागाचा आहे.

फेअरिंग उघडलंच होतं म्हणून रेडिएटर नीट पाहिला. समोरून बरा दिसत होता. टॉर्च मागून धरला तर उजेड फक्त वरच्या अर्ध्यातून येत होता. खालच्या जाळीत कापूस बसलेला. खरा कापूस. ऑक्टोबर ते जानेवारी वेचणीच्या दिवसांत चोपडा-धरणगाव-एरंडोल पट्ट्यात कापसाच्या गाड्या तुडुंब भरून जिनिंगकडे जातात. रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे झुपके लटकलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. तोच कापूस तंतू-तंतूने रेडिएटरच्या बारीक पात्यांमध्ये ओढला जातो. त्यावर उन्हाळ्यातली धूळ बसते, चेनवर मारलेल्या स्प्रेचा चिकट अंश चढतो आणि नमदा तयार होतो. हिवाळ्यात अर्ध्या रेडिएटरवरही भागतं. मे महिन्यात पारा ४४-४५ ला असताना भागत नाही.

आतली बाजूही धड नव्हती. आधी कुणीतरी कूलंटऐवजी साधं पाणी भरत आलं होतं. आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बादलीच्या कडेला कसा चढतो ते घराघरात ठाऊक आहे. रेडिएटरच्या झाकणाच्या आत तसाच थर होता.

म्हणजे साखळी अशी: कापूस आणि क्षार यांमुळे रेडिएटर अर्धा बंद, त्यामुळे पंखा अखंड चालू. पंख्याचे चार-पाच अँपिअर अशा वेळी जातात जेव्हा गाडी संथ आरपीएमवर रखडलेली असते आणि अल्टरनेटर सर्वांत कमी देतो. वर रेडिएटरची गरम हवा फेअरिंगच्या आत रेक्टिफायरवर. तापलेल्या कपलरमध्ये व्होल्ट जिरतात, बॅटरी उपाशी राहते. गरम होण्याची तक्रार मी एका मेकॅनिककडे सांगत होतो आणि बॅटरीची दुसऱ्याकडे. दोघांनाही अर्धीच गोष्ट कळत होती.

तुमच्या गाडीवर तपासणी कशी कराल

एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी तीस-चाळीस किलोमीटर चालवून, गरम असतानाच बसा. थंड गाडीवरची मापं या दोषात फसवतात.

बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास निवांत असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर भरा, नाहीतर पुढची मापं चुकतील. सेल्फ मारताना व्होल्टेज दहाच्या खाली जात असेल तर बॅटरी स्वतःच थकली असण्याची शक्यता आहे. गाडी सुरू करून पाच हजारांवर बॅटरीच्या टोकांवर १४ ते १४.५ हवेत. पंधराच्या वर जात असेल तर रेक्टिफायरचं नियंत्रण गेलंय. ती गाडी चालवू नका, बॅटरी उकळते आणि ईसीयूला धोका असतो.

व्होल्टेज कमी आलं तर लगेच रेक्टिफायर किंवा स्टेटर विकत घेऊ नका. वर सांगितलं तसं आधी वाटेतली घट मोजा, पॉझिटिव्हची वेगळी, निगेटिव्हची वेगळी. दोन मिनिटांचं काम आहे आणि अनेकदा इथेच शोध संपतो. फ्यूज बॉक्समधला मेन फ्यूज, सेल्फ रिलेवरचा कपलर आणि चॅसिसला जोडलेली अर्थिंगची थिंबलही (तारेच्या टोकाची धातूची कडी) बघा.

घट नसेल तर स्टेटर. गाडी बंद करून त्याचा तीन तारांचा कपलर सोडवा. मीटर ओहमवर ठेवून तिन्ही जोड्या मोजा. एक ओहमपेक्षा कमी आणि तिन्ही सारख्या यायला हव्यात. मीटरच्या सळयांचाच ०.२-०.३ ओहम असतो, तो सळया एकमेकींना टेकवून आधी बघून वजा करा. तिन्हींपैकी कुठलीही तार इंजिनच्या धातूशी जोडलेली दाखवता कामा नये. मग कपलर सोडलेलाच ठेवून गाडी सुरू करा आणि मीटर एसी व्होल्टवर घ्या. माझ्याकडे चार हजारांना ५२, ५३, ५२ आले. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा, तो मॅन्युअलमध्ये असतो. तिन्ही सारखे असणं महत्त्वाचं. एक जोडी इतरांपेक्षा बरीच कमी आली तर ती कॉइल जळतेय. या तारांना चालू गाडीत हात लावू नका, झटका बसतो.

स्टेटरबद्दल शंका उरली तर आपल्याकडे एक मोठी सोय आहे. पाणबुडी मोटारी भरणारे वाइंडिंगवाले प्रत्येक बाजारपेठेच्या गावात आहेत. त्यांच्याकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असतो आणि इन्सुलेशन कुठे कच्चं आहे हे त्यांना नेमकं कळतं. मी तिथूनच खात्री करून घेतली. मेगर फक्त पूर्ण सुटलेल्या स्टेटरवर लावायचा. रेक्टिफायर किंवा ईसीयू जोडलेला असताना लावला तर ते दोन्ही मरतील, कारण मेगर पाचशे व्होल्ट सोडतो.

रेडिएटरला मागून टॉर्च धरा. उजेड सगळीकडून सारखा आला पाहिजे.

दुरुस्ती

दोन्ही जळके कपलर कापून टाकले. पिना घासून परत बसवण्याचा मोह टाळा, तापलेल्या पिनेतली स्प्रिंग एकदा मेली की परत येत नाही. तारही दोन-तीन इंच मागे, आतलं तांबं चमकदार दिसेपर्यंत कापावी. काळं पडलेलं तांबं क्रिम्प (दाबून केलेला जोड) धरत नाही. स्टेटरच्या तीन तारांना नवे जाड पिनांचे कपलर लावले. रेक्टिफायरच्या पॉझिटिव्हपासून थेट बॅटरीपर्यंत अडीच एमएमची ऑटो वायर ओढली आणि बॅटरीजवळ, अगदी वीतभर अंतरात, ३० अँपिअरचा फ्यूज घातला. हा फ्यूज वगळू नका. फेअरिंगच्या आत वायर घासून चॅसिसला टेकली तर पेट घेईल. निगेटिव्हलाही तशीच थेट तार. सगळीकडे हीट श्रिंक ट्यूब, नुसती टेप नाही. आपल्या उन्हात टेपचा डिंक पातळ होऊन सुटतो.

रेक्टिफायर चांगलाच होता, बदलला नाही.

रेडिएटरसाठी पंखा सोडवून मागच्या बाजूने, म्हणजे इंजिनकडून पुढे, बागेच्या पाइपचं हलकं पाणी सोडलं. कापूस ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो. वॉशिंग सेंटरचा जेट मारू नका, पाती मुडपतात आणि हवा कायमची अडते. आत डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुऊन अॅल्युमिनियम इंजिनचं तयार कूलंट भरलं. भरताना गाडी डावी-उजवीकडे कलती करून रबरी नळ्या दाबत राहिलं की अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. ही हवा राहिली तर गाडी पुन्हा तापेल आणि तुम्हाला वाटेल दुरुस्ती फसली. झाकण फक्त पूर्ण थंड गाडीत उघडा. दाबाखालचं कूलंट शंभरच्या वर तापलेलं असतं, चेहरा भाजतो.

सगळं जोडून तीच वेळ, तोच रस्ता, मेची दुपार. जळगावात शिरताना बॅटरीवर १४.१. पंखा लागायचा आणि दीड-दोन मिनिटांत थांबायचा. रेक्टिफायर ते बॅटरी घट ०.१५.

काही गोष्टी ज्यांनी मला भरकटवलं

हेडलाइटला एलईडी टाका, लोड कमी होईल, असं सांगितलं जातं. बॅटरीला थोडा हात मिळतो हे खरं. पण जुन्या पद्धतीचा शंट रेक्टिफायर असलेल्या गाडीत स्टेटर नेहमी पूर्ण ताकदीने वीज काढत असतो आणि न वापरलेली वीज रेक्टिफायर स्वतःमधून जिरवतो. लोड कमी केलात की तो जास्त तापतो. दोष वितळलेल्या कपलरमध्ये असेल तर एलईडीने तो झाकला जातो, जात नाही. १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू असणं बंधनकारक आहे, त्यामुळे तो विझवायचं बटण बसवण्याच्या फंदातही पडू नका.

गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतं का’ बघण्याची एक पद्धत गावोगाव आहे. ती जुन्या गाड्यांची. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो. माझ्या गाडीवर कुणी करायला गेलं तर मी हात धरतो.

धक्का मारून सुरू करणंही या गाड्यांत भरवशाचं नाही. फ्युएल पंपाला आणि ईसीयूला पुरेसे व्होल्ट नसतील तर कितीही ढकला, पेट्रोलच येणार नाही. शिवाय स्लिपर क्लच (चाकाकडून उलटा जोर आला की घसरणारा) असेल तर मागचं चाक इंजिनला नीट फिरवत नाही.

एक खर्च मात्र कराच: हँडलजवळ छोटा डिजिटल व्होल्टमीटर, चावीने चालू-बंद होईल असा जोडलेला. शे-दोनशे रुपयांत येतो. चालत्या गाडीत आकडा १३.५ च्या खाली रेंगाळायला लागला की मी घरी पोचल्यावर आधी कपलरला हात लावून बघतो. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर उघडायचा.

आता वर्षातून दोनदा फेअरिंग उघडतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी कपलर आणि कूलंटसाठी, आणि संक्रांतीनंतर, कापसाच्या गाड्या कमी झाल्या की, रेडिएटरमधला कापूस काढण्यासाठी. रेडिएटरच्या पुढे बारीक जाळी लावून पाहिली होती, पण तिने हवाच अडवली आणि पंखा पुन्हा जास्त चालायला लागला, म्हणून काढली. चिमट्याने आणि हलक्या पाण्याने अर्ध्या तासात होतं. पहिल्या वेळी निघालेला कापूस मी काकांना नेऊन दाखवला. मूठभर होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या पिकअपचा रेडिएटर टॉर्च घेऊन बघायला गेले.